क्लचचे पेडल आणि डावा पाय



व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावर सोपवली होती. कामगार संघटनेतला माणूस बोलावयास उभा राहिला की बोनस, महागाई भत्ता, नाहीतर संपाचा हक्क यांपैकी कशावर तरी बोलणार, असे त्यांनी धरले असावे. आम्ही उलट टपाली विषय कळवला, ‘मोटारीच्या क्लचचे पेडल’. चार दिवसांनी चिटणिसांचा फोन आला आणि त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, “लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना?”

चूक झालेली नाही. आमच्या संघटनेत भाड्याच्या मोटारी चालवणारे पगारी ड्रायव्हर आहेत. मोटार मालकाची, डिझेल मालकाचे, प्रवासी कुठल्या तरी कंपनीचे. ड्रायव्हरचे स्वतःचे म्हणून त्या गाडीत काय असते, तर दोन हात आणि दोन पाय. त्यांतला डावा पाय सारा दिवस एकाच वस्तूशी झगडत असतो. आमच्याकडे वर्षानुवर्षे तीन तक्रारी येत राहिल्या. “क्लच फार जड आहे” ही पहिली, “क्लच कुठे लागतो तेच कळत नाही” ही दुसरी, आणि “प्लेट जळली म्हणून पगार कापला” ही तिसरी. पहिल्या दोन तक्रारी आम्ही पुष्कळ दिवस कानाआड केल्या. त्या मिस्त्रीकडे सांगावयाच्या, संघटनेकडे नव्हे, असे आम्हांला वाटे. तिसरीसाठी मात्र आम्ही भांडत राहिलो आणि बहुधा हरत राहिलो. तिन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच दुखण्याच्या असतात हे समजावयास आम्हांला फार वेळ लागला.

ज्यांनी मोटार कधी चालवली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंजिन एकदा सुरू झाले की फिरतच राहते; चाकांना मात्र थांबावे लागते, पुन्हा निघावे लागते. या दोघांच्या मध्ये क्लच बसवलेला असतो. इंजिनाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्यासमोर क्लच प्लेट, म्हणजे दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर लावलेली तबकडी. आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट. दोन तळहातांमध्ये पुठ्ठा दाबून धरावा, तशी ही तबकडी फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. दाबणारी असते स्प्रिंग. पूर्वी वेटोळ्यांच्या अनेक स्प्रिंगा असत. आता बहुतेक मोटारींत पसरट ताटलीसारखी एकच स्प्रिंग असते आणि तिला मध्याकडे वळलेली बोटे असतात. आपण पेडल दाबले की रिलीज बेअरिंग त्या बोटांना रेटते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि तबकडी मोकळी होते. पाय उचलला की ती पुन्हा पकडली जाते.

हा दाब केवढा असतो? लहान पेट्रोल मोटारीत दोन-तीनशे किलो, मोठ्या डिझेल मोटारीत पाचशे-सहाशे किलोंच्या घरात. एवढा दाब माणसाच्या पायाने उठतो याचे कारण तरफ. पहारेने दगड उचलताना जोर थोडा लागतो, पण हात लांब फिरवावा लागतो. रात्रीच्या शाळेत हा नियम आम्ही शिकलो तेव्हा त्याचा एवढा उपयोग होईल असे वाटले नव्हते. क्लचमध्ये पाय सुमारे १४ सेंटिमीटर खाली जातो तेव्हा प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरकते. म्हणजे पाय सत्तर-ऐंशी पट लांब जातो आणि त्या मानाने जोर कमी लागतो. पाचशे किलोंचे कागदावर सात होतात. वाटेतले घर्षण आणि स्प्रिंगेची चढण धरून दहा-बारा. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. पेडल याहून हलके करावयाचे तर पायाचा प्रवास वाढवावा लागेल, आणि पाय काही वीतभर अधिक लांब होत नाही. कारखान्यातल्या इंजिनिअरने हा सौदा कोठेतरी केलेला असतो.

येथेच आम्ही पुष्कळ वर्षे फसलो. जडपणा कारखान्यातूनच येतो, मग मालकाला काय विचारणार? पण कारखान्यातून दहा किलोंचे निघालेले पेडल चार वर्षांनी सोळा किलोंचे झाले असेल, तर वरचे सहा किलो कारखान्याचे नव्हेत. ते गंजाचे, धुळीचे, झिजेचे आणि दुर्लक्षाचे आहेत.

सहा किलो म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. गर्दीच्या रस्त्यावर मिनिटाला तीन वेळा क्लच दाबावा लागतो असे धरून चाला. स्वारगेटहून हिंजवडीला सकाळच्या वेळी जाणाऱ्या गृहस्थांनी ड्रायव्हरच्या पायाकडे पाहून स्वतः मोजावे. आम्ही जास्त धरलेले नाही असे त्यांना दिसेल. दिवसातले सहा तास असे गेले तर पेडल १,०८० वेळा दाबले जाते. दहा किलोंच्या हिशेबाने सुमारे १०,८०० किलो, सोळाच्या हिशेबाने १७,२८०. फरक जवळजवळ साडेसहा टनांचा, म्हणजे पन्नास किलोंची सुमारे १३० पोती. पोते पाठीवर घेणे आणि पेडल दाबणे एकच नव्हे, हे आम्हांला कळते. तरी पण जास्तीची पोती उचलली तर हमाल जास्तीची हमाली मागतो, आणि कोणी त्याला नाजूक म्हणत नाही. ड्रायव्हरने क्लच जड आहे म्हटले की मात्र त्याच्या वयाची चौकशी होते.

आता आमची एक चूक सांगतो. हा हिशेब हाती आल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने एका मालकाकडे मागणी केली की, पेडल हलकी करून द्या. मालक शहाणा होता. त्याने आठ दिवसांत मिस्त्रीकडून चार गाड्यांच्या पेडलला जादा स्प्रिंगा बसवून घेतल्या. अशी मदतनीस स्प्रिंग पुष्कळ मोटारींत कारखान्यातूनच असते. सुरुवातीला ती पेडल वर धरते आणि पेडल ठराविक बिंदूपलीकडे गेले की उलटून खाली दाबावयास मदत करते. पण ती बेताची असावी लागते. मिस्त्रीने बसवलेल्या स्प्रिंगा दांडग्या होत्या. पेडल लोण्यासारखी झाली. आम्ही सभेत टाळ्याही घेतल्या. पंधरवड्यात ड्रायव्हर परत आले आणि म्हणाले, “भाऊ, पहिलं बरं होतं.” पेडल दाबले की जात होते, पण पाय उचलल्यावर पुरते वर येत नव्हते, क्लच कुठे पकडतो त्याचा पायाला पत्ताच लागत नव्हता. चढावर गाडी एकदा मागे घसरे, एकदा बेडकासारखी उडी मारी. जड पेडल नको म्हणून आम्ही मुके पेडल मागून घेतले होते.

त्या दिवसापासून आम्ही पेडलच्या बाबतीत दोन शब्द वापरू लागलो, हलके आणि बोलके. ड्रायव्हरला बोलके पेडल हवे असते. गाडी धक्का न देता निघावयाची तर क्लच जेथे पकडू लागतो ते ठिकाण पायाला समजले पाहिजे, आणि तेथून पुढची थोडीशी वाट सावकाश सोडता आली पाहिजे. ही खबर पायाला कोण देते? खालून वर लोटणारी स्प्रिंग. आणि ही खबर अडवते कोण, तर घर्षण. घर्षणाचा स्वभाव असा की, ते जाताना आणि येताना दोन्ही वेळा आडवे येते. समजा, स्प्रिंगेचा खरा जोर पायाशी दहा किलो आहे आणि वाटेत पाच किलोंचे घर्षण आहे. दाबताना पायाला पंधरा किलो लागतील आणि सोडताना पेडल पायाला पाचच किलोंनी वर लोटील. जाताना छळ आणि येताना मुकेपणा. दोहोंचे मूळ एक. मिस्त्रीने जादा स्प्रिंग लावली तेव्हा त्याने दाबण्याचे वजन उतरवले, पण घर्षण जेथल्या तेथे ठेवले, आणि जी थोडीफार खबर वर येत होती तीही दाबून टाकली. घर्षण काढले असते तर पेडल हलकेही झाले असते आणि बोलकेही.

ते काढावयाचे कसे, हे आम्हांला एका भांडणातून कळले.

आमचे एक सभासद पन्नाशीच्या घरातले होते; बाकीचे ड्रायव्हर त्यांना काका म्हणत. त्यांच्या गाडीची क्लच प्लेट वर्षभरात दोनदा जळली. दोन्ही वेळा पैसे त्यांच्या पगारातून हप्त्याने कापले. आम्ही मालकाकडे गेलो. मालक म्हणाले, “हे बघा, माझ्याकडे अकरा गाड्या. दहांच्या प्लेटी टिकतात, ह्यांचीच का जळते? पेडलवर पाय ठेवून चालवतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.” युक्तिवाद बिनतोड होता. काकांना बाजूला घेऊन विचारले, तर ते म्हणाले, “पाय असतो माझा पेडलशी, खोटं कशाला बोलू? पण वर नसतो, खाली असतो.” म्हणजे काय, ते त्यांनी गाडीत बसून दाखवले. त्यांचे पेडल दाबल्यावर आपण होऊन पुरते परत येत नसे. म्हणून ते बुटाचे टोक पेडलखाली घालून त्याला वर ओढत. बाहेरून पाहणाऱ्याला तो पाय पेडलवर ठेवलेला वाटे.

आम्ही मालकांना एवढेच म्हणालो की, पुढच्या वेळी गिअरबॉक्स खाली घ्याल तेव्हा आम्हांला बोलवा. त्यांनी ते मान्य केले, आणि शब्द पाळला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तिसरी प्लेट घसरू लागली तेव्हा गॅरेजमध्ये मालक, मिस्त्री, काका आणि आम्ही असे चौघे उभे होतो.

आधी केबल दोन्ही टोकांना सोडवली. मोकळे पेडल हाताने हलवले, तर तेच कुरकुरत होते. त्याचा बुश कोरडा पडून खाल्ला गेला होता. मग केबल घेतली. आतली तार बोटाने ओढली की सुतासारखी सरकली पाहिजे. ही दोन ठिकाणी अडत होती. वेष्टन एक्झॉस्टच्या नळीजवळून गेले होते, त्या उष्णतेने आतले प्लास्टिकचे अस्तर वितळले होते, आणि एका ठिकाणी केबल काटकोनात मुरडली होती. तार जितकी वाकते तितकी ती वेष्टनाच्या कडेवर घासते. विहिरीचा दोर कप्पीवरून न घेता काठावरून ओढावा तसे. शेवटी गिअरबॉक्स उतरवला. रिलीज बेअरिंग ज्या नळीवर पुढेमागे सरकते ती नळी कोरडी आणि चरे पडलेली होती.

पण खरा चोर निराळाच निघाला. केबलच्या टोकाशी ताण कमीजास्त करण्याचा एक नट असतो. पेडलला वरच्या बाजूस दीड-दोन सेंटिमीटर मोकळी हालचाल राहावी, ज्याला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात, ती या नटाने साधावयाची. आता यातली गंमत ऐका. क्लच प्लेटचे अस्तर झिजते तेव्हा प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या जवळ जाते आणि स्प्रिंगेची बोटे उलट बेअरिंगच्या अंगावर येतात. म्हणजे झिजेबरोबर प्ले कमी होत जातो. स्प्रिंगही आपल्या ताकदीच्या उंचवट्यावर चढते, म्हणून जुन्या प्लेटचे पेडल नव्यापेक्षा जड लागते. नट वेळोवेळी सैल केला नाही तर प्ले शून्य होतो आणि बेअरिंग बोटांना सारखे रेटत राहते. कोणीतरी अदृश्य ड्रायव्हर पेडलवर चोवीस तास पाय ठेवून बसावा तसे. मग प्लेट घसरते, तापते आणि जळते. या गाडीचा नट गंजून जागीच बसला होता. “क्लच खाली लागतो” म्हणून मिस्त्रीने नवी प्लेट घालतानाच तो आवळून ठेवला, आणि त्यानंतर कोणी पान्याने शिवलेही नाही.

मालकांनी विचारले, “मग बाकीच्या दहा गाड्यांचं काय?” मिस्त्रीनेच उत्तर दिले, “साहेब, त्या दहा हायड्रॉलिकच्या. ही एकच जुनी, केबलची.” हायड्रॉलिक क्लचमध्ये तारेऐवजी तेल जोर पोचवते आणि झीज होईल तसा प्ले बहुधा आपोआप साधला जातो. मालक काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी चहा मागवला.

नवी केबल मोठ्या वळणाने आणि नळीपासून दूर नेऊन बसवली. पेडलचा बुश बदलला. बेअरिंगची नळी बदलून तिला उष्णता सोसणारे ग्रीस लावले, तेही बोटाने पुसून घेतल्याइतके पातळ, कारण जास्तीचे ग्रीस उडून प्लेटवर गेले की प्लेट बाद. केबलमध्ये तेल सोडण्याची हौस पुष्कळांना असते. ज्या केबलला आतून गुळगुळीत अस्तर असते तिच्यात ती करू नये, तेलाने धूळ धरते. काकांनी गाडी बाहेर काढली, गल्लीच्या चढावर उभी केली, हाफ क्लचवर किंचित पुढे घेतली, आणि खिडकीतून म्हणाले, “आता ऐकू येतंय.”

दुसऱ्या प्लेटचे पैसे मालकांनी परत दिले. पहिल्या प्लेटचे दिले नाहीत, कारण ती भंगारात गेली होती आणि पुरावा उरला नव्हता. काकांचा गुडघा मात्र काही पूर्वीसारखा झाला नाही. तो क्लचनेच गेला असे आम्ही म्हणणार नाही, आम्ही डॉक्टर नव्हे. दोन वर्षांनी त्यांनी गाडी सोडली. आता ते एका सोसायटीच्या फाटकावर बसतात.

पगार कापण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. कामगाराच्या हयगयीमुळे नुकसान झाले तरच त्याची कपात करता येते, आणि त्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आलेले आहे. पण म्हणणे मांडावयाचे कशाच्या आधारावर? म्हणून आमची मागणी अशी आहे की, काढलेली प्लेट टाकू नये. प्लेट साक्ष देते. अस्तर तेलाने भिजलेले असेल तर इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे ऑइल सील गळते आहे, त्यात ड्रायव्हरचा काय दोष? अस्तर काचेसारखे चकाकते आणि फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत, तर क्लच घसरून तापला आहे. मग प्ले किती होता ते पाहा. प्ले ठीक होता, केबल ठीक होती, आणि तरी प्लेट जळली, तर मात्र आम्ही आमच्या माणसाला विचारू. असे घडलेही आहे. आमचे एक तरुण सभासद चढावरच्या सिग्नलला ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरीत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या वतीने आम्ही भांडलो नाही. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये घालून पाय जमिनीवर ठेवावा. प्लेट, बेअरिंग आणि गुडघा, तिघेही वाचतात.

हायड्रॉलिक क्लचवाल्यांनी आपण सुटलो असे समजू नये. तेथे घर्षण कमी असते, पण तेलात हवा शिरली की पेडल स्पंजासारखे होते आणि क्लच तळाशी लागतो. ती हवा काढावी लागते. हे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून दोनेक वर्षांनी बदललेले बरे. त्या भांड्यात घाईने इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्याने आतली रबरे फुगतात आणि पेडल खाली अडकून बसते. आणि एक क्षुल्लक गोष्ट, जिने आम्हांला दोनदा फजीत केले. क्लच पुरता सुटत नाही, गिअर खरखरतो, अशी तक्रार घेऊन आम्ही गेलो आणि मिस्त्रीने पेडलखालून एकावर एक घातलेली तीन पायपुसणी ओढून काढली. आसनाचेही तसेच. मालकाच्या उंचीला लावलेले आसन ड्रायव्हर संकोचाने पुढे ओढत नाही आणि पाय ताणून दाबत राहतो. पेडल पुरते दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतके आसन पुढे घ्यावे. यासाठी कोणत्याही कराराची गरज नाही.

काही मित्र म्हणतात, हे सारे कशाला? आपल्याकडे लहान मोटारींतही क्लचचे पेडल नसलेले गिअर आले, विजेच्या मोटारी आल्या, पेडल आपोआप जाईल. जाईल तेव्हा जावो, आम्ही त्याच्या नावाने रडणार नाही. पण त्या पेडल नसलेल्या लहान मोटारीतसुद्धा क्लच प्लेट असतेच. पायाऐवजी यंत्र तिला सोडते आणि धरते. तीही झिजते. फरक इतकाच की, त्या यंत्राचा पगार कोणी कापत नाही. आणि आज भाड्याने धावणाऱ्या गाड्यांत पेडलवाल्या गाड्या अजून पुष्कळ आहेत.

आमच्याशी करार असलेल्या दोन मालकांनी आता प्रत्येक गाडीत एक छोटी वही ठेवली आहे. प्लेट कधी घातली, प्ले कधी मोजला, ड्रायव्हरने काय सांगितले, एवढे तीन रकाने. पहिल्या महिन्यात तिसरा रकाना कोराच राहिला. ड्रायव्हरांना वाटले, लिहिले तर आपल्यालाच धरतील. काकांच्या जुन्या गाडीवर जो मुलगा आहे त्याने पहिल्यांदा लिहिले, “क्लच सोमवारपासून थोडा वर लागतो आहे.” मिस्त्रीने नट दोन फेरे सैल केला. काम पाच मिनिटांचे, खर्च काही नाही.

ती गाडी आज आम्ही बरोबर आणली आहे. मंडपाच्या मागल्या फाटकाशी उभी आहे, बॉनेट उघडे आहे, बॅटरी तो मुलगा धरील. ज्यांना प्ले म्हणजे काय ते स्वतःच्या हाताने पाहावयाचे असेल त्यांनी अध्यक्षांचे भाषण झाल्यावर तिकडे यावे. पांढरे कपडे घातलेल्यांनी जरा जपून. पाना आमच्या खिशात आहे.